तीसपैकी अकरा

पत्र : माझी आई ७९ वर्षांची आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण घरचा सगळा हिशेब आयुष्यभर तिनेच तोंडी ठेवला. दीड महिन्यापूर्वी ती घरात पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घाईत तिचा चष्मा आणि कानाचं मशीन घरीच राहिलं. ऑपरेशनच्या दुसऱ्या रात्री ती छतावर मुंग्या चालताहेत म्हणू लागली, सलाइन ओढून काढायला लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गुंगीत असताना एक तरुण डॉक्टर आले. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत चला, ही आकृती काढा, असं बरंच काही विचारून गेले. तीसपैकी अकरा गुण मिळाले. डिस्चार्ज कार्डावर ‘डिमेन्शिया?’ असं लिहून आलं.

घरी आल्यापासून आई बरीच सावरली आहे. दादा म्हणतो, रिपोर्ट आला आहे, आता तिच्या सहीला अर्थ नाही, बँकेचे आणि घराचे अधिकार आपण घेऊन टाकू. मी म्हणते, हा सगळा हॉस्पिटलचा परिणाम. तशी ती गेलं वर्षभर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायची, एकदा विजेचं बिल दोनदा भरलं, पण या वयात एवढं चालायचंच. तिथे सुरू केलेली झोपेची गोळी अजून चालू आहे. सर्दीची आणि वारंवार लघवीला होतं म्हणून घेतलेली गोळी आधीपासूनच आहे. चाचणी परत करावी का? केली तर मोबाईलवर मिळालेले प्रश्न घरी तिच्याकडून घटवून घेऊ का? आणि तिला काय सांगू? ती म्हणते, ‘तुम्ही मला वेडी ठरवायला निघालात.’ सोबत त्या चाचणीच्या कागदाचा फोटो जोडला आहे.

उत्तर :

ताई, कागदाचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. ‘अकरा आले’ एवढंच लिहिलं असतंत तर मला काहीच बोलता आलं नसतं. बेरीज सगळेच वाचतात. कोणत्या रकान्यात काय गेलं, हे फारसं कोणी बघत नाही.

त्या दिवसाच्या त्या अकरा गुणांवरून तुमच्या आईंना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आहे असं म्हणता येत नाही. तो नाही, असंही म्हणता येत नाही. कार्डावरच्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह आहे, याचा अर्थ लिहिणाऱ्यालाही हे ठाऊक होतं. दादांनी ते चिन्ह वाचलंच नाही आणि तुम्ही त्याच्यामागचा शब्द वाचायला तयार नाही.

आता कागद बघू. ही एमएमएसई नावाची चाचणी आहे, १९७५ साली मार्शल फोल्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली. गुण तीस, आणि २४च्या खाली आले की ‘पुढे तपासा’ असा ढोबळ संकेत. आईंना काळाच्या पाच प्रश्नांत दोन मिळाले, महिना आणि ऋतू बरोबर, साल, वार आणि तारीख चूक. ठिकाणाच्या पाचांत तीन. हॉस्पिटलचं नाव आणि मजला चुकला. स्ट्रेचरवरून लिफ्टने वर नेलेल्या बाईला मजला विचारायचा आणि न सांगता आल्याबद्दल गुण कापायचा, हे नियमात बसतं खरं, पण त्या एका गुणाला मी फारशी किंमत देत नाही. तीन शब्द मागोमाग म्हणायचे होते, त्यातले दोन म्हटले. एक वाक्य जसंच्या तसं उच्चारायचं होतं, ते आलं नाही. कानाचं मशीन घरी होतं, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नाही.

शंभरातून सात वजा करण्याचे पाच गुण, पाचही गेले. वाचून तसं करण्याचा एक, वाक्य लिहिण्याचा एक, एकमेकांत अडकलेल्या दोन पंचकोनांची आकृती काढण्याचा एक, हेही गेले. म्हणजे तीसपैकी आठ गुण असे, जे शाळेची, चष्म्याची आणि लिहित्या हाताची सवय मागतात. चष्मा नव्हता. तुमच्या फोटोच्या कोपऱ्यात आईंचा उजवा हात दिसतोय, त्याला सलाइनची सुई आणि पट्टी आहे. त्या हाताने पंचकोन मलाही काढता आले नसते.

शिक्षणाचा मुद्दा तर याहून मोठा आहे. १९९३ साली अमेरिकेत अठरा हजारांहून जास्त प्रौढांच्या एमएमएसई गुणांचा अभ्यास छापून आला. त्यात नऊ किंवा जास्त वर्षं शाळा झालेल्यांचा मध्यक २९ होता, पाच ते आठ वर्षं शिकलेल्यांचा २६, आणि शून्य ते चार वर्षं शिकलेल्यांचा २२. पुन्हा वाचा. चार वर्षांपर्यंत शाळा झालेला त्या अभ्यासातला मधला माणूस २४च्या रेषेखालीच होता. सगळ्यांना एकच रेषा लावली की न शिकलेला माणूस आजारी ठरतो. उलटंही होतं, आणि ते जास्त धोक्याचं आहे. आयुष्यभर वाचन-लेखन केलेला निवृत्त प्राध्यापक डिमेन्शिया सुरू झालेला असतानाही २८ गुण आरामात घेऊन जातो. घरचे म्हणतात, ‘बघा, काही नाही,’ आणि दोन वर्षं वाया जातात.

पण आईंच्या अकरामागचं सगळ्यात मोठं कारण या कागदावर नाही, तुमच्या पत्रात आहे. छतावरच्या मुंग्या. रात्री सलाइन ओढणं, दुपारी गुंगी. याला डिलिरियम म्हणतात. ऑपरेशन, वेदना, भूल, जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठ, नवी औषधं, झोपमोड, असं एक किंवा अनेक एकत्र आलं की वयस्कर मेंदू काही तासांत-दिवसांत गोंधळतो. खुब्याच्या ऑपरेशननंतर हे वॉर्डात नेहमी दिसतं. ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत : एकाएकी सुरुवात, दिवसभरात कमी-जास्त होणं, लक्ष न टिकणं, आणि त्याच्या जोडीला असंबद्ध बोलणं किंवा शुद्धीच्या पातळीत फरक. डॉ. शॅरन इनोये यांनी १९९० साली याच खुणांवर सीएएम नावाची तपासणी बसवली, ती आजही वापरतात. त्याहून छोटी ४एटी नावाची आहे, दोनेक मिनिटांची. वय, जन्मतारीख, ठिकाण, साल, महिने उलटे म्हणणं, आणि घरच्यांना एक प्रश्न : हे अचानक झालंय का? त्या दुपारी खरं तर ही तपासणी आधी व्हायला हवी होती. लक्षच टिकत नसेल तर स्मरणशक्ती मोजताच येत नाही, कारण जे आत गेलंच नाही ते बाहेर कुठून येणार? डिलिरियम असताना एमएमएसई घेणं म्हणजे पूर ओसरायच्या आधी विहिरीची खोली मोजणं.

जाता जाता, आरडाओरडा करणारा डिलिरियम सगळ्यांना दिसतो. गुपचूप पडून राहणारा, ‘आज शांत झोपल्यात हं’ असं म्हणून दुर्लक्षिला जाणारा डिलिरियम जास्त वेळा निसटतो. आईंची दुपारची गुंगी तशीच होती. पुढे कधी कोणी घरातलं ॲडमिट झालं तर ‘काल असे नव्हते’ हे वाक्य नर्सला मोठ्याने सांगा. तुमच्या एका वाक्याने तिथे जे कळेल, ते गुणपत्रिकेने कळायचं नाही.

इथवर वाचून तुम्हाला हायसं वाटलं असेल. आता तुम्ही जाता जाता लिहिलेल्या त्या दोन ओळींकडे येऊ. पडण्याआधीचं वर्षभर तीच गोष्ट पुन्हा विचारणं. बिल दोनदा भरणं. ‘या वयात चालायचंच’ असं तुम्ही लिहिलंत. वयाने जे होतं ते वेगळं असतं. नाव चटकन आठवत नाही आणि तासाभराने आठवतं, चष्मा कुठे ठेवला ते शोधावं लागतं, एका वेळी दोन कामं जमत नाहीत. पण विचारलेलं आणि उत्तर ऐकलेलं, दोन्ही थोड्या वेळात पुसलं जाणं, आणि आयुष्यभर चोख ठेवलेल्या हिशेबात चूक होणं, हे मी वयाच्या खात्यावर टाकणार नाही. एखादीने कधी हिशेब ठेवलाच नसता तर बिल दोनदा भरण्याला मी एवढं महत्त्व दिलं नसतं. तुमच्या आईंनी ठेवला होता. माणूस आधी कसा होता आणि आता कसा आहे, यातलं अंतर मोजायचं असतं.

आणखी एक अवघड गोष्ट सांगायला हवी. ज्यांना आजारपणात डिलिरियम होतो, त्यांच्यात पुढे डिमेन्शिया आढळण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. मेंदू आधीपासून थोडा कमकुवत असेल तर कमी धक्क्यानेही डिलिरियम होतो. तेव्हा ‘हॉस्पिटलचा परिणाम’ हे तुमचं म्हणणं त्या दिवसापुरतं बरोबर आहे, पण त्याने प्रकरण मिटत नाही. चाचणी परत करायची, नक्की करायची.

कधी? घाई नको. डिलिरियमचा अंमल काही जणांत आठवडे, काहींत महिनेही रेंगाळतो. ऑपरेशनला तीन महिने होऊ द्या, म्हणजे अजून सहा आठवड्यांनंतरची वेळ आत्ताच घेऊन ठेवा. वृद्धरोगतज्ज्ञ, न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ, यातलं जे जवळ असेल आणि मेमरी क्लिनिक चालवत असेल ते. पण हे सहा आठवडे नुसते बसून काढायचे नाहीत. नेहमीच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा, तीन कामांसाठी.

पहिलं काम गोळ्यांचं. घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स, आयुर्वेदिक, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या, शेजारणीने दिलेल्या, सगळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. सर्दीच्या बऱ्याच जुन्या गोळ्या आणि लघवीची घाई थांबवणाऱ्या काही गोळ्या मेंदूतल्या ॲसिटिलकोलीन या द्रव्याचं काम अडवतात. आठवण साठवायला मेंदूला तेच द्रव्य लागतं. अशी दोन औषधं एकत्र, वर झोपेची गोळी, हे मिश्रण ८० वर्षांच्या उंबरठ्यावरच्या कोणाचंही डोकं जड करील. झोपेची गोळी हॉस्पिटलातल्या रात्रींसाठी होती, ती घरी का चालू आहे, हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका. काही झोपेच्या गोळ्या एकाएकी तोडल्या की फिट येऊ शकते किंवा डिलिरियम परततो. डॉक्टर ती हळूहळू उतरवतील.

दुसरं, रक्ततपासण्या. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, सोडियम, कॅल्शियम, साखर, किडनी, लिव्हर. बी-१२ किंवा थायरॉइडची कमतरता सापडली म्हणजे विसरण्याचं कोडं सुटलंच असं नाही, पण ती भरून काढल्याशिवाय पुढची कोणतीही चाचणी नीट वाचता येत नाही.

तिसरं, डोकं. पडताना डोक्याला मार लागला होता का, हे पत्रात नाही. या वयात कवटीच्या आत हळूहळू रक्त साठतं आणि आठवड्यांनी लक्षणं दिसतात, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर जास्तच. डोकेदुखी वाढत जाणं, दिवसभर पेंग, एका बाजूचा हात किंवा पाय कमजोर पडणं, चालण्याचा तोल जाणं, यातलं काहीही दिसलं तर सहा आठवडे सोडा, सहा तासही थांबू नका.

चाचणीच्या दिवशी कानाचं मशीन चालू बॅटरीसकट कानात आणि चष्मा पुसून डोळ्यांवर, हे बघणं तुमचं काम. सकाळची वेळ मागा, पोट भरलेलं असावं, आदली रात्र बरी गेलेली असावी. आईंना सगळ्यात सहज येणाऱ्या भाषेतच प्रश्न विचारले जावेत. आणि एक वाक्य आधीच स्पष्ट सांगा : ‘आई चौथी शिकलेली आहे, त्याला धरून चाचणी निवडाल का?’ हे ऐकून कोणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. मोका नावाची जी चाचणी हल्ली खूप चालते, ती २००५ साली प्रसिद्ध झाली. सुरुवातीची घसरण पकडायला ती एमएमएसईपेक्षा चांगली, पण अवघडही आहे. बारा वर्षं किंवा कमी शिक्षण असेल तर तिच्यात एक गुण वाढवून देतात. चौथी शिकलेल्या बाईला बारावी झालेल्याइतकाच एक गुण! म्हणूनच कमी शिकलेल्यांसाठी मोका-बेसिक ही वेगळी आवृत्ती निघाली. रूडास नावाची २००४ सालची चाचणी आहे, तिच्यात वाचणं-लिहिणं लागत नाही. वस्तूंची यादी लक्षात ठेवणं, हाताच्या हालचालींची नक्कल, रोजच्या व्यवहारातला एखादा निर्णय, असे तिचे प्रश्न असतात. आपल्याकडे १९९५ साली एमएमएसईचंच हिंदी रूप निरक्षर ग्रामीण लोकांसाठी बेतलेलं आहे. नावं पाठ करू नका. चांगला तपासनीस कोणती चाचणी निवडली आणि का, हे विचारल्यावर दोन वाक्यांत सांगू शकतो. एवढं पुरे.

तुमच्या हातात खरं जे आहे ते आता. या तपासणीचा अर्धा भाग तुम्ही आहात. घरच्यांना विचारायच्या चाचण्याच वेगळ्या आहेत. एडी-८मध्ये आठ प्रश्न असतात, ‘गेल्या काही वर्षांत बदल झालाय का’ एवढंच त्यांचं विचारणं. आयक्यूकोड ही १९८९ सालची प्रश्नावली तर दहा वर्षांपूर्वीशी तुलना करायला सांगते. या दोन्हींना शाळा आड येत नाही. पण उत्तर देणारा काय सांगतो त्यावर सगळं अवलंबून. ‘आई खूप विसरते’ हे वाक्य डॉक्टरांच्या काहीच कामाचं नसतं. एक वही घ्या आणि पडण्याच्या आधीचं वर्ष आठवून लिहा. बिल दोनदा भरलं ते कोणत्या महिन्यात, लक्षात कोणाच्या आलं, आईंना सांगितल्यावर त्या काय म्हणाल्या? ‘अरेच्चा, चुकलंच’ म्हणाल्या, की ‘मी भरलंच नव्हतं’ म्हणून अडून बसल्या? दोन्हींत फार फरक आहे. तीच गोष्ट किती वेळाने पुन्हा विचारायच्या, दिवसांनी की मिनिटांनी? स्वयंपाकातले नेहमीचे टप्पे चुकायचे का? ओळखीच्या रस्त्यावर कधी गोंधळल्या? गोळ्या स्वतः घ्यायच्या का? आधी न दिसलेला संशय, चिडचिड, कोणी दिसल्याचे भास, झोपेत हातपाय झाडणं? हे सगळं बिघडत गेलं की एका धक्क्याने झालं? डिमेन्शियाचे प्रकार अनेक आहेत, त्यातला साठ-सत्तर टक्के वाटा अल्झायमरचा असतो, आणि प्रकार ओळखायला स्कॅनच्या आधी ही वही लागते. दादांनाही वेगळी वही लिहायला सांगा. एकमेकांना न दाखवता. दोन भावंडांच्या आठवणीतली आई बहुधा दोन वेगळ्या बायका असतात, आणि डॉक्टरांना दोघी भेटलेल्या बऱ्या.

वही आधीच डॉक्टरांना द्या किंवा पाच मिनिटं एकट्याने भेटा. आईंच्या समोर त्यांच्या चुकांची यादी वाचू नका. आणि आत बसलात तर गप्प बसा. हे सोपं नाही, मला ठाऊक आहे. प्रश्न विचारला की पेशंट मान वळवून शेजारच्या मुलीकडे बघतो. आम्ही ते वळणं टिपून ठेवतो, ती स्वतःच एक खूण आहे. तुम्ही ओठ हलवून उत्तर पुरवलंत की ती खूण पुसली जाते. सगळ्यात बरं म्हणजे खुर्ची आईंच्या मागे ठेवा.

यावरून सरावाचं. नका करून घेऊ. मोबाईलवरचे ते प्रश्न पुसून टाका. परीक्षेत पास होणं हा हेतू असता तर सराव योग्य होता. इथे सरावाने वाढलेले तीन-चार गुण म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने झाकलेली तीन-चार लक्षणं. पुढच्या वर्षी तुलना करायची वेळ आली की हा खोटा पाया सगळं बिघडवतो. रोज सकाळी ‘आई, आज वार कोणता?’ असं विचारणंही थांबवा, करत असाल तर. त्याने कोणाची स्मरणशक्ती वाढल्याचं मी पाहिलेलं नाही. घरात एक परीक्षक वाढतो आणि एक मुलगी कमी होते. त्यापेक्षा मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर आणि घड्याळ समोर लावा, फिजिओथेरपीने सांगितलेलं चालणं रोज करून घ्या, कानाचं मशीन दिवसभर घालायला लावा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ सालच्या आयोगाने डिमेन्शियाची १४ टाळता येण्याजोगी कारणं मांडली, त्यात कमी ऐकू येणंही आहे आणि दुर्लक्षित राहिलेली कमी नजरही.

तपासणीत उदासीचेही प्रश्न विचारतील, बहुधा पंधरा हो-नाही प्रश्नांची जीडीएस. पडल्यानंतर परावलंबी झालेला माणूस खिन्न असतो, आणि खिन्न माणूस प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणून मोकळा होतो. ही उदासीही विस्मृतीसारखीच दिसते आणि तिच्यावर उपचार आहेत.

निकाल तीनांपैकी काहीही येऊ शकतो. एक, सगळं वयाला आणि शिक्षणाला साजेसं. दुसरा, सौम्य घसरण, म्हणजे चाचणीत कमी पण रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः जमताहेत. अशांपैकी तज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये येणाऱ्यांत वर्षाला शंभरात साधारण दहा ते पंधरा जण पुढे डिमेन्शियाकडे जातात, बरेच तिथेच राहतात, काही सुधारतातही. तिसरा डिमेन्शिया, आणि तो ठरतो आकड्यावर नव्हे, तर व्यवहार अडू लागले आहेत का यावर. दीड महिन्यात सावरल्या ही जमेची बाजू आहे. माझा अंदाज विचारलात तर मी तो पत्रातून सांगणार नाही, पण त्या मधल्या निकालासाठीही मनाची तयारी ठेवा, इतकं म्हणेन.

आईंना काय सांगायचं? खरं ते. ‘रूटीन चेकअप आहे’ म्हणून नेऊ नका. त्या दिवशी वॉर्डात कोणीतरी न सांगता, न विचारता प्रश्नांची सरबत्ती केली, जमलं नाही हे त्यांना कळलं, आणि नंतर घरात कुजबूज सुरू झाली. अपमान तिथे झाला आहे. वेडाचा आणि याचा काही संबंध नाही हे एकदा बोला, पण त्यावर व्याख्यान नको. असं काहीतरी म्हणून बघा : ‘आई, तेव्हा तू तापात असल्यासारखी होतीस, त्या दिवसाचे गुण आम्ही धरत नाही. पण वर्षभर तुलाही काही गोष्टी निसटल्यासारख्या वाटत होत्या का? मला वाटत होत्या. आपण दोघी जाऊन नीट बघून येऊ.’ मग थांबा. पुष्कळ वेळा त्यांनाही ते जाणवत असतं, कोणी सरळ विचारलेलं नसतं एवढंच. त्या नाही म्हणाल्या तर आठवडा जाऊ द्या आणि कानाच्या तपासणीपासून सुरुवात करा. आणि निकाल आधी कोणाला सांगायचा, किती सांगायचा, हे डॉक्टरांनी त्यांनाच विचारावं, असं तुम्ही सुचवा.

राहिली दादांची सही. हे स्वच्छ सांगते : कोणत्याही चाचणीतल्या गुणांवरून कोणाचा निर्णयाचा हक्क जात नाही, अकरानेही नाही. निर्णयक्षमता एकेका निर्णयापुरती बघतात. समोरची माहिती समजते का, ठरवेपर्यंत लक्षात राहते का, फायदा-तोटा तोलता येतो का, आणि ठरलेलं कोणत्याही रीतीने सांगता येतं का. महिन्याचे पैसे कोणाकडे ठेवायचे हे नीट ठरवू शकणाऱ्या बाईला घर विकण्याची गुंतागुंत पेलेलच असं नाही, आणि कालच्या गुंगीत न पेललेलं आज पेलू शकतं. म्हणून आत्ता घराचं काहीही करू नका. बिलांचं म्हणाल तर आईंनाच विचारा, ‘हे मी तुझ्या समोर बसून भरत जाऊ का?’ पुनर्तपासणीत डॉक्टरांना निर्णयक्षमतेचं वेगळं मत लेखी मागा, ठरावीक निर्णयाचं नाव घालून. त्या सक्षम ठरल्या तर पुढे कधी गरज पडलीच तर आपल्या वतीने कोणी बोलायचं, हे त्यांनी स्वतः आणि स्वतःच्या वकिलासमोर ठरवावं. तो वकील दादांनी आणलेला नसावा. तुम्हीही आणलेला नसावा.